बरोबर कोण आहे?

हार्बर लाईनच्या डब्यात एक्स-रेचं पाकीट कसं धरावं याचं एक शास्त्र आहे. फिल्म दुमडायची नसते. त्यामुळे पाकीट पिशवीत जात नाही, काखेत मावत नाही. मग गर्दीत ते डोक्यावर उचलून धरायचं, नाहीतर आपलं पोट आणि पुढच्याची पाठ यांच्यामधल्या फटीत उभं सरकवायचं. हाड मोडलेल्याच्या घरची माणसं ते कसंही धरतात. छातीचा एक्स-रे असला की मात्र पाकिटाची छापील बाजू हमखास अंगाकडे असते. मानखुर्दला उतरणाऱ्या गर्दीत मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता मान वळवावी लागत नाही. रुग्णालयाचं नाव, विभागाचा शिक्का, पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलेलं 'चेस्ट', सगळं आत. बाहेर नुसता कोरा खाकी कागद. हल्ली बऱ्याच ठिकाणी एक्स-रे मोबाइलवरच येतो, पाकिटं कमी झाली आहेत. लपवायला सोपं झालं, एवढंच.

आमचंही पाकीट असंच आतल्या बाजूला असायचं. माझ्या धाकट्या मुलाला एमडीआर निघाला होता, म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा टीबी. तेव्हा त्याचा कोर्स दोन वर्षांचा असे, आणि त्यातले सुरुवातीचे कित्येक महिने रोज एक इंजेक्शन. कमरेला सुई टोचायला जागा उरली नव्हती. आता तो ऐरोलीला नोकरी करतो, लग्नाची बोलणी चालू आहेत आणि डाव्या कानात त्याला कायम एक शिट्टी ऐकू येते. त्या कानामायसिनच्या इंजेक्शनांनी पुष्कळांचे दोन्ही कान नेले, याचं शिट्टीवर भागलं, असं आम्ही मानून घेतलंय. तो स्वतः म्हणतो, "हार्बर लाईनवर राहणाऱ्याला एक शिट्टी जास्त झाली तर कुठं बिघडलं!"

रुग्णालयात केसपेपर पुढे सरकवला की खिडकीतून पहिला प्रश्न येतो : "पेशंटबरोबर कोण आहे?" मी आहे, असं म्हटलं की त्या माणसाची कामं सुरू होतात. फाईल धरा. हे झेरॉक्स करून आणा. तिकडं शिक्का मारून घ्या. हे औषध इथं नाही, बाहेरून आणा. यांना धरा, पडतील. बरोबर असलेल्या माणसाला नाव नसतं, त्याला कुणी बसा म्हणत नाही, आणि जेवलात का हे विचारायची तर रीतच नाही. डॉक्टर बोलतात ते पेशंटशी. ते काय बोलले हे पेशंटला दारातून बाहेर येईपर्यंत आठवत नाही, कारण त्याचं लक्ष डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे असतं. ऐकलेलं असतं बरोबरच्या माणसानं. पण त्याला विचारतं कोण?

ज्या रुग्णालयात मी आता आठवड्यातले दोन दिवस बसते, त्याचं नाव सांगत नाही. हार्बर लाईनवरच्या कुणालाही ते ओळखता येईल आणि कुणालाही ते आपल्याच भागातलं वाटेल. धाकट्याचा कोर्स संपला त्या दिवशी तिथल्या समाजसेवा विभागातल्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही दोन वर्षं त्या बाकावर बसून लोकांना जे सांगत होतात, ते आता जरा अधिकारानं सांगाल का?" मला आधी कळलंच नाही की मी काही सांगत होते. बालवाडी शिकवण्यात माझी सारी हयात गेली. शेजारी बसलेल्याचं नाक पुसणं आणि त्याला चार गोष्टी सांगणं माझ्या अंगात मुरलेलं आहे. मग फोटो लावलेलं एक कार्ड मिळालं, गळ्यात अडकवायची निळी फीत मिळाली. रुग्णालयात वॉर्डबॉयला मामा म्हणतात आणि आयाबाईंना मावशी. त्यामुळे पहिल्याच दिवशी मला एका गृहस्थांनी हाक मारली, "मावशी, बेडपॅन आणा." आणलं. त्यात काय!

डॉक्टरांना विचारायचे आणि मावशीला विचारायचे प्रश्न वेगळे असतात, हे त्या बाकावर बसल्यावर कळतं. डॉक्टरांना लोक विचारतात, बरा होईल ना, किती दिवस, पथ्य काय. ते दार लोटून बाहेर आले की खरे प्रश्न सुरू होतात. ताट वेगळं ठेवायचं का? नवऱ्याजवळ झोपायचं का? मुलगी दोन महिन्यांची आहे, अंगावर पाजू का? गावाला सासूला कळवायचं की नाही? आणि अगदी खालच्या आवाजात, इकडंतिकडं बघून : लघवी लाल होतेय, रक्त जातंय का?

रक्त नसतं. रिफाम्पिसिन नावाची गोळी आहे, तिचा रंग. लघवी केशरी-लाल होते, घामाला रंग येतो, डोळ्यांतलं पाणीसुद्धा पिवळट होतं. कुठल्याही डॉक्टरला हे ठाऊक असतं. इतकं ठाऊक असतं की सांगायचं राहून जातं. आमच्या शिवाजीनगर-बैंगनवाडीकडच्या एका बाईनं नवऱ्याच्या गोळ्या आठवडाभर लपवून ठेवल्या होत्या. गोळ्यांनी आतून काहीतरी फाटलं, अशी तिची खात्री झाली होती. तिला मी सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग चिडली. "खाला, इतनी सी बात थी, तो पहले दिन क्यों नहीं बोला किसी ने?" तिच्या चिडण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथं उत्तर द्यायला बसवलेलं माणूस म्हणजे मी, म्हणून तिनं ते माझ्यावर काढलं, आणि ते ठीकच होतं.

एमडीआरच्या गोळ्यांची तऱ्हा आणखी निराळी. क्लोफाझिमिननं अंगाचा रंग पालटतो. आधी तांबूस, मग काळपट, उन्हात जास्तच. औषध थांबल्यावर रंग पुन्हा येतो, पण सावकाश, कधी वर्ष उलटून जातं. लग्नाच्या वयाची मुलगी असली की घरात याच्यावरून जे होतं, ते कुठल्याही फाईलमध्ये नोंदलेलं नसतं. एका मुलीनं माझ्यासमोर मनगटावरचं घड्याळ सरकवून खालचा पट्टा दाखवला होता. घड्याळाखाली तिची जुनी कातडी होती, गव्हाळ. बाकीचा हात दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा. ती म्हणाली, मी रात्री घड्याळ काढत नाही. लिनेझोलिडनं तळपाय बधिर होतात, मुंग्या येतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. सायक्लोसेरिननं माणसं रात्ररात्र जागी राहतात, भलभलतं बोलतात, शांत मुलगा एकदम अंगावर धावून येतो. आई म्हणते, कुणी काही केलंय याला. अशा वेळी तिला सांगावं लागतं की बाई, हे गोळीचं आहे, आणि उद्या सकाळी पहिलं काम डॉक्टरांना सांगायचं. बाहेरचं काही बघायच्या आधी.

मला औषधातलं काही कळतं असा याचा अर्थ नाही. कुठल्या गोळीनं काय होतं हे डॉक्टरांना माझ्यापेक्षा शंभर पटींनी जास्त कळतं. मला इतकंच ठाऊक आहे की ते पहाटे तीन वाजता, खाली अंथरलेल्या सतरंजीवर, दिवा न लावता कसं होतं.

टीबी घरात कसा आला, म्हणजे जंतू नव्हे, उपचार घरात कसा आला, ही गोष्ट मला त्या समाजसेवेच्या मॅडमनी सांगितली आणि तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही. पूर्वी टीबी झाला की माणसाला घराबाहेर काढत. ज्याच्याजवळ पैसे असत तो पाचगणीच्या बेल एअरला जाई, कुणी मिरजेजवळच्या वानलेसवाडीला. कोरडी हवा, दूध, अंडी, व्हरांड्यातली खाट, आणि महिनोन्‌महिने पडून राहणं. मुंबईतल्या गरिबांसाठी शिवडी. आनंदीबाई जोशी १८८७ साली पुण्यात क्षयानंच गेल्या. कॉखनं क्षयाचा जंतू दाखवून तेव्हा पाच वर्षंसुद्धा पुरती झाली नव्हती. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या हातातसुद्धा स्वतःसाठी काही नव्हतं. औषधं आली ती त्यांच्यानंतर साठ वर्षांनी. आणि मग १९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. शहरातल्या गरीब वस्तीतले रुग्ण घेतले. अर्ध्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, अर्ध्यांना त्यांच्या खोपटांतच, दाटीवाटीत, अपुऱ्या अन्नावर. औषध दोघांनाही तेच. वर्षभरानं पाहिलं तर दोन्हीकडचे जवळजवळ सारखेच बरे झाले होते. पुढची कित्येक वर्षं घरच्या माणसांवरही लक्ष ठेवलं, तर रुग्ण घरी राहिला म्हणून त्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. भिंती काही करत नव्हत्या, करत होत्या त्या गोळ्याच. १९५९ मध्ये हे छापून आलं आणि जगभर सॅनिटोरियमचे व्हरांडे हळूहळू रिकामे झाले.

हे फार मोठं काम झालं, यात शंका नाही. माझा मुलगा दोन वर्षं कुठल्या डोंगरावर एकटा पडून राहिला नाही, तो याच प्रयोगामुळे. पण मला त्या मद्रासच्या खोपटांतल्या बायका दिसत राहतात. सॅनिटोरियममधल्या नर्सचं काम त्या दिवसापासून त्यांच्याकडे आलं. गोळ्या वेळेवर देणं, थुंकीचं भांडं, ओकारी, चिडचिड, शेजाऱ्यांना काय सांगायचं ते ठरवणं, आणि या सगळ्याच्या मधे स्वयंपाक. जगातला एवढा मोठा वॉर्ड एका निर्णयानं घराघरांत हलला आणि त्या वॉर्डातल्या सिस्टरना कुणी एकदाही बैठकीला बोलावलं नाही. पगार तर लांबच राहिला. तो मागणाऱ्या बायका आमच्यात नसतात.

घर म्हणजे तरी कसलं घर! रुळांकडेच्या झोपडीतून आम्हाला इथल्या पुनर्वसन इमारतीत आणलं तेव्हा संडास घरात आहे म्हणून मी देवापुढे पेढे ठेवले होते. दुसरा मजला. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची खिडकी; समोरची बाई कांदा चिरते तो मला दिसतो आणि तिला माझा. ऊन मात्र दोघींनाही दिसत नाही. भर दुपारी ट्यूबलाईट. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख, पीएमजीपी अशा आमच्या वसाहतींवर २०१८ साली 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेनं अभ्यास केला. इमारतींमधली जागा इतकी कमी की खालच्या मजल्यांवर ना उजेड पोचतो ना वारा, आणि टीबीचा जोर त्याच घरांत, असं त्यातून दिसलं. आमच्या मजल्यावर हे वाचायच्या आधीच सगळ्यांना माहीत होतं. वरच्या मजल्यावरची माणसं वाळवण घालतात, आमच्याकडे कपडे नुसते लोंबकळतात. कपडे वाळत नाहीत त्या घरात छातीही ओलीच राहते, असं माझी आई म्हणायची. तिला जंतू माहीत नव्हता.

तसंच अंड्याचं. धाकट्याला रोज अंडं द्यायचं आणि थोरल्याला दाखवायचं नाही, अशी माझी दोन वर्षं गेली. झारखंडात मोठ्या प्रमाणावर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ साली आले : रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांनाच पुरेसा शिधा दिला तर बाकीच्यांना टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. म्हणजे अंडं थोरल्यालाही द्यायला हवं होतं. सरकार रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी महिन्याला पाचशे रुपये टाकायचं, २०२४च्या नोव्हेंबरपासून ते हजार झाले. हजार रुपयांची अंडी एकट्यानं खायची आणि बाकीच्या चौघांनी बघायचं, हे ज्या घरात जमतं ते घर मी अजून पाहिलेलं नाही.

बरं झालेल्यानं आजाऱ्याजवळ बसायचं, ही गोष्ट मुंबईला नवी नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या आवारात पाहावं. पोटावर पिशवी लावून जगणाऱ्यांनी १९७५ साली ऑस्टॉमी असोसिएशन काढली. ऑपरेशन व्हायच्या आधी तसाच एखादा माणूस येऊन शेजारी बसतो, चहा पितो, आपली पिशवी कुणाला ओळखू येत नाही हे दाखवतो. वंदना गुप्ता स्वतः कॅन्सरमधून उठल्या आणि १९९४ मध्ये त्यांनी 'व्ही केअर' सुरू केलं. इथं देवनारला, आमच्यापासून रिक्षानं जाण्याइतक्या अंतरावर, टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून आहे. रुग्णालयातली समाजसेवा म्हणजे काय ते शिकलेल्या कितीतरी पिढ्या तिथून बाहेर पडल्या. पण कॅन्सरमधून उठलेली माणसं व्यासपीठावर बसतात, मॅरेथॉनमध्ये धावतात. टीबीतून उठलेला माणूस पहिलं काम करतो ते फाईल जाळायचं. आमच्याकडचे बरे झालेले लोक रस्त्यात भेटले तर ओळख देत नाहीत आणि मीही देत नाही. त्यांच्याबरोबर बायको असते, तिला सांगितलेलं नसतं.

म्हणून नंदिता वेंकटेशनचं नाव मी बाकावर हटकून काढते. मुंबईची पत्रकार मुलगी. टीबीच्या इंजेक्शनांनी तिचे दोन्ही कान गेले. तिनं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा तिसिलेनं, म्हणजे अशाच रीतीनं कान गमावलेल्या दुसऱ्या मुलीनं, २०१९ मध्ये बेडाक्विलिन या नव्या गोळीच्या पेटंटची मुदत वाढवण्याला आपल्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. समोर जॉन्सन अँड जॉन्सन. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला आणि ती गोळी इतर कंपन्यांनी स्वस्तात बनवायचा रस्ता मोकळा झाला. ती इंजेक्शनं आता जवळजवळ गेलीच आहेत, सगळं गोळ्यांवर आलंय, काहींचा कोर्स सहा महिन्यांवर. कुणाच्या आईला मी हे सांगते तेव्हा ती नंदिताचं नाव विसरते, जॉन्सन मात्र लक्षात ठेवते. बेबी पावडरवाले ना? हो, तेच.

परदेशात रुग्णांचं आणि त्यांच्या घरच्यांचं म्हणणं ऐकायला रीतसर मंडळ असतं. बोस्टनच्या डाना-फार्बर या कॅन्सर संस्थेत १९९४ साली बेट्सी लेहमन ही आरोग्यावर लिहिणारी पत्रकार औषधाची चौपट मात्रा गेल्यानं दगावली. कागदावर चार दिवसांची मिळून लिहिलेली मात्रा तिला रोज दिली गेली होती. त्यानंतर त्या संस्थेनं रुग्ण आणि नातेवाईक यांना कारभारात घेतलं, आणि पुढे २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यानं प्रत्येक रुग्णालयाला असं सल्लागार मंडळ ठेवणं कायद्यानंच भाग पाडलं. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांतून २००५ नंतर रुग्ण कल्याण समित्या आल्या. त्यांत रुग्ण किती आणि कल्याण किती, हे ज्यानं त्यानं आपापल्या तालुक्यात पाहावं.

आमच्याकडे आहे ते याहून बरंच घरगुती. महिन्यातून एकदा डॉक्टर, सिस्टर-इन-चार्ज, लॅबचे एक जण, मॅडम आणि आम्ही तिघी-चौघी बायका एका खोलीत बसतो. समोसा असतो. पहिल्या बैठकीला मी वहीत लिहून नेलेलं वाचून दाखवलं : थुंकीचा डबा देतात तेव्हा खोल खोकून बेडका काढायचा, नुसती लाळ नको, हे सांगतात, पण तो काढायचा कुठं? बाईमाणसानं जिन्याखाली उभं राहून, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर? लॅबचे गृहस्थ म्हणाले, नमुने खराब येतात ते यामुळे होय! त्यांना खरंच माहीत नव्हतं. मागच्या बाजूला, जिथं सकाळचं ऊन येतं तिथं, आडोसा करून एक पत्रा टाकला गेला. त्याला पाच महिने लागले. पण आता तिथं एक खिळा आहे, त्यावर बाया पर्स अडकवतात. खिळा कुणी ठोकला ते कुणालाच ठाऊक नाही, आणि मला त्या सगळ्या कामात तोच फार आवडतो.

गळ्यात कार्ड आलं की हळूहळू एक होतं. रुग्णालयाला आपला उपयोग कळतो. "मावशी, हा ऐकत नाही, जरा तुमच्या भाषेत सांगा." असा एक मुलगा होता, महाराष्ट्र नगरचा, वाशीच्या एपीएमसीत रात्री माल उतरवायचा. सारखे डोस चुकवायचा. पूर्वी गोळ्यांच्या पाकिटांची गंमत होती : गोळी फोडून काढली की खाली लपलेला फोन नंबर दिसायचा, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, मग वर कुठंतरी नोंद व्हायची की आज गोळी घेतली. नोंद पाकिटाची व्हायची. पोटात राहिली की मोरीत गेली, ते आईला माहीत. या मुलाचंही तसंच. कागदावर 'समुपदेशन करूनही सहकार्य नाही' असा शेरा. मी बसले त्याच्या आईजवळ. ती म्हणाली, सकाळी अकराची वेळ दिलीय, तो नऊला येऊन झोपतो. उठवून उपाशीपोटी दिली की ओकतो. मग तो रात्री दोनला, मार्केटात, चहाबरोबर घेतो. तिथंही ओकतो, आणि मग पाटी उचलवत नाही, दुसरा माणूस त्याच्या जागी लागतो. सिस्टरशी बोलले. कामावरून आल्या आल्या, पोहे खाऊन, नऊच्या सुमारास घे, असं ठरलं. बऱ्यापैकी जमलं. नेहमी नाही जमत.

त्याच्या आईनं मात्र उठताना माझ्या कार्डाकडे बोट केलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही त्यांच्यातल्या का आमच्यातल्या?" मी म्हटलं, तुमच्यातलीच, माझाही मुलगा होता. ती म्हणाली, "होता ना. आता बरा हाय." त्यात राग नव्हता. हिशेब होता. बरं झालेल्याच्या आईला त्या बाकाचा एवढाच भाग आठवतो जो सांगण्याजोगा आहे. बाकीचा निघून जातो, आणि दर वर्षी थोडा आणखी. मला आता डॉक्टरांच्या अडचणी जास्त पटायला लागल्यात : एका ओपीडीत किती माणसं, किती मिनिटं, किती फॉर्म. हे कळायलाच हवं. पण ते जितकं कळतं तितकी मी खिडकीच्या आतल्या बाजूला सरकते, असंही वाटतं. सल्ला मागायला बोलावलेल्या माणसाचं मोल तो बाहेरचा असण्यात असतं, आणि वर्षानुवर्षं बोलावत राहिलं की तो बाहेरचा राहत नाही. म्हणून मी मॅडमना सांगितलंय, माझ्याऐवजी अजून कोर्स चालू असलेल्या कुणाची आई आणा. त्या म्हणतात, तिला वेळ कुठाय?

सध्या एक माहितीपत्रक तयार होतंय, घरच्या माणसांसाठी. मराठी आणि हिंदी. मसुदा मला वाचायला दिलाय. 'कुटुंबीयांनी रुग्णास धीर द्यावा' हे वाक्य त्यात तीनदा आलंय. ते मी तिन्ही ठिकाणी खोडलं. ज्याला धीराची गरज आहे त्यालाच तो वाटायला सांगायचं म्हणजे काय! त्या जागी मी लिहिलं : लघवी लाल होईल, घाबरू नका. अंगाचा रंग बदलेल, नंतर परत येईल. पाय बधिर वाटले, नीट दिसेनासं झालं, झोप उडाली, वागणं बदललं तर त्याच दिवशी येऊन सांगा. ताट वेगळं नको, खिडकी उघडी हवी. आणि शेवटी : बरोबरच्या माणसानंही जेवावं, तपासून घ्यावं.

बैठकीत यावर चांगलंच वाजलं. तरुण डॉक्टर म्हणाले, मावशी, हे सगळं आधीच छापलं तर निम्मे लोक कोर्स सुरूच करणार नाहीत. मला ते उडवून लावता आलं नाही, कारण माझ्या शेजारी बसलेल्या दोघींचंही जमेना. एक म्हणाली, मला रंगाचं आधी कळलं असतं तर मी पोरीला गोळी घेऊच दिली नसती, देवाशप्पथ. आणि मग ती आज नसती. दुसरी म्हणाली, मला कळलं असतं तर सहा महिने मी तिच्या हातांकडे बघून रडले नसते. सिस्टर म्हणाल्या, रंगाचं तोंडी सांगू, छापायला नको. मॅडम म्हणाल्या, तोंडी सांगणार कोण, आणि कुठल्या मिनिटाला? धाकट्याला घरी आल्यावर विचारलं. तो म्हणाला, कानाचं छापलं असतं तरी मी घेतलंच असतं, पण सही माझी घ्यायला हवी होती, तुझी नाही.

खिडकीचं आणि ताटाचं सगळ्यांना मान्य आहे. जेवणाची ओळ डॉक्टरांनी स्वतःहून ठळक अक्षरात करायला सांगितली. रंगाची ओळ कंसात टाकायची असा कुणीतरी मध्यममार्ग काढलाय, त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही. सोमवारी मजकूर छापखान्यात जायचाय, आणि लघवीवरून हिंदीवाल्या बाईंचं म्हणणं आहे की एवढं उघड लिहिलेला कागद कुठली सून सासऱ्यासमोर वाचेल?